एक रात्र मुरणारी यादी

रोज सकाळी सव्वानऊ वाजता कैलास भोपी कॉम्प्युटरच्या खोलीत जात आणि दार आतून लावून घेत. बाहेर आम्ही आपापल्या टेबलांशी हात बांधून बसलेलो असायचो. दोन मिनिटं, फार तर तीन. आतून कीबोर्डची थोडी टकटक ऐकू यायची, मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. दार उघडून ते बाहेर यायचे, रुमालाने चष्मा पुसायचे आणि कुणाकडेच न बघता म्हणायचे, "लिस्ट आली." त्यानंतर संस्थेचा दिवस सुरू व्हायचा.

बंद दाराआड ते काय करतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ते दोन कळा एकदम दाबून चालू असलेला प्रोग्रॅम बंद करायचे आणि एक ओळ टाइप करून तोच प्रोग्रॅम परत चालू करायचे. एवढंच. पंखा बंद करून पुन्हा लावावा, तसं. पण पंखा लावायला कुणी दाराला कडी घालत नाही.

संस्था अंबरनाथ पश्चिमेला होती, एका साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर. रुग्णसेविकांचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम चालवायची. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर अशी तिची तीन केंद्रं, प्रत्येक एकेका छोट्या हॉस्पिटलला जोडलेलं. मी प्रवेशाच्या टेबलावर होते. फी, दाखले, रद्द झालेले प्रवेश हे सगळं माझ्याकडे. भोपी सर 'सिस्टीम'चे. त्यांच्या टेबलावर पाटी होती, 'के. डी. भोपी, सॉफ्टवेअर इंजिनियर'. ही पदवी त्यांना कुणी दिली नव्हती. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा बसून ते बाहेर पडले होते. पाटीवर त्याचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं.

त्यांचे वडील बदलापूरचे, आगपेटीच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला त्या वर्षी कैलास उल्हासनगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लासचे मालक सिंधी, सगळे त्यांना साईं म्हणत. भोपी सर त्यांची आठवण फार आदराने काढत. मशीन दुरुस्तीला गिऱ्हाईक आलं की साईं त्यांना आतल्या खोलीत न्यायचे आणि सांगायचे, "कैलास बेटा, काम छोटा हो तो दरवाजा बंद करके करने का." सैल झालेली वायर दाबायची, अर्धा तास आत बसून चहा प्यायचा आणि बाहेर येऊन कपाळाचा घाम पुसायचा. हे सांगताना भोपी सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. कुणी आयुष्यात एकच धडा मन लावून शिकतो. त्यांनी हा शिकला.

दिसायला ते नीटनेटके होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, दुपारी जेवणानंतर तोंडात बडीशेप. कॉम्प्युटरला पाच मिनिटं हात लावला नाही की काळ्या पडद्यावर जाड सोनेरी अक्षरांत 'BHOPI SIR' गरगर फिरायला लागायचं. ते हात मुद्दाम लांब ठेवून बसत.

दोन हजार आठ साली संस्थेच्या सचिवांना, शंकररावांना, वेबसाइट हवीशी झाली. भोपी सरांनी एका फ्रेमवर्कचं नाव सांगितलं. फ्रेमवर्क म्हणजे आयता सांगाडा, त्यावर आपला फॉर्म चढवायचा. त्यांनी इंटरनेटवरचे धडे छापून स्पायरल बाइंडिंग करून आणले आणि चार महिन्यांनी फॉर्म उभा केला. त्यात दोन याद्या होत्या. पहिलीत केंद्र निवडायचं, की दुसरीत त्या केंद्राच्या रिकाम्या जागांचे क्रमांक खाली उलगडायचे. उमेदवाराने आपला क्रमांक निवडायचा, बटण दाबायचं, प्रिंट काढायची. ह्या प्रिंटशिवाय संस्थेने प्रवेश मानायचा नाही, असंही त्यांनीच शंकररावांकडून ठरवून घेतलं. जिन्यात पाटी लागली: 'जागांची लाइव्ह स्थिती'.

लाइव्ह काहीच नव्हतं. दिवसात एखादी जागा भरली तरी ती यादीत दिसत राहायची. कुणी ती निवडली की लाल अक्षरं यायची, 'जागा भरली आहे'. कुणी प्रवेश रद्द केला आणि मी तशी नोंद केली, तरी ती सुटलेली जागा यादीत उगवायची नाही. उगवायची दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडल्यावर. लोक विचारायचे. भोपी सरांनी उत्तर तयार ठेवलं होतं.

"डेटा आहे तो. एक रात्र मुरावा लागतो."

लोणच्यासारखा. आणि गंमत अशी की सगळ्यांनी ते मान्य केलं. शिपाई नव्या मुलींना जिन्यातच सांगायचा, "आज नाय दिसणार, उद्या या, मुरू द्या." शंकरराव सभेत म्हणायचे, "आमच्या सिस्टीमला मुरायला वेळ लागतो, म्हणून ती पक्की आहे." मीसुद्धा फोनवर पालकांना सांगत असे. वर्षभर सांगितलं. कुणी विचारलं नाही की रजिस्टरात जागा आता सुटलेली दिसते, तर पडद्यावर उद्या का?

विचारलं ते मायाने. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती आपल्या वहिनीचा फॉर्म भरायला आली होती. उल्हासनगर कॅम्प एकची मुलगी, ऐरोलीला एका कंपनीत कामाला. जागा निवडली, लाल अक्षरं आली. दुसरी निवडली, पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी ती हसली.

"सर, ओळखलंत का? मी माया. कॅम्प तीनच्या क्लासला तुमच्याकडे टायपिंग शिकले होते."

"हो हो," भोपी सर म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं.

"सर, ही यादी तुम्ही फॉर्म लिहितानाच मागवून ठेवलीय का? अगदी वरच, एकदाच?"

"म्हणजे?"

"म्हणजे प्रोग्रॅम चालू होताना ती एकदा भरते आणि मग तीच राहते. दर वेळी फॉर्म उघडला की नव्याने मागवायला पाहिजे. तीनच ओळी आहेत सर, इनिटमध्ये टाकायच्या, फॉर्म उघडताना जो भाग चालतो त्यात. मी पण सुरुवातीला सेम मिस्टेक केलेली. माझा टीम लीड जाम ओरडला होता."

ऑफिसात आठ-दहा मुली होत्या. शिपाई होता. भोपी सरांनी कंगवा काढला, केसांवरून फिरवला, परत ठेवला.

"तुमच्या कंपनीत चालत असेल तसं. इथे डेटा मेडिकलचा आहे."

"सर, डेटाला काय माहीत तो मेडिकलचा आहे?"

एक मुलगी फिस्सकन हसली. मायाच्या लक्षात आलं असावं की आपण चारचौघांत बोललो. तिने आवाज खाली आणला, माझ्याकडून कागदाचा कपटा घेतला, त्यावर तीन ओळी लिहिल्या आणि त्यांच्यासमोर सरकवल्या. "बघा ना सर, फ्री असाल तेव्हा. रोजचं रिस्टार्ट वाचेल."

त्या 'रोजचं रिस्टार्ट'मुळे मला बंद दार समजलं. त्यांनाही समजलं की मला समजलं. कपटा त्यांनी खिशात घातला. दुसऱ्या दिवशी दाराला कडी होती, वेळही तीच, आणि चष्मा पुसत ते म्हणाले, "लिस्ट आली." फक्त त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले.

मला वाटत होतं, न कळणं हा त्यांचा दोष आहे. आता त्यांना कळलं होतं. तीन ओळी लिहिल्या असत्या तर सव्वानऊच्या त्या तीन मिनिटांना काही अर्थ उरला नसता, आणि त्या तीन मिनिटांवर त्यांचा उरलेला दिवस उभा होता. म्हणून त्यांनी त्या लिहिल्या नाहीत. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

आता विठाबाईंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय भोपी सर हा निव्वळ विनोद राहिला असता.

विठाबाई चामटोलीच्या. बदलापूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात अकरा वर्षं आया होत्या. बेडपॅन धुणं, चादरी बदलणं, रात्री पेशंटच्या पायाला तेल लावणं. सुई कुठे टोचावी हे नव्या नर्सेसना त्या नजरेने दाखवत, हाताने दाखवायची परवानगी नव्हती. वॉर्डात नर्सला सिस्टर म्हणतात आणि आयाला मावशी, मग ती वयाने लहान का असेना. विठाबाईंना सिस्टर व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, मग बारावी. पोरगी सोनिया आठवीत, तिच्यासोबत चुलीपुढे बसून. अभ्यासक्रमाला वयाची अट पस्तिशीची, एकतीस जुलैला मोजायची. त्यांना चौतीस पूर्ण होऊन दहा महिने झाले होते. हे वर्ष गेलं की संपलं.

केंद्र त्यांना बदलापूरचंच हवं होतं, कारण हॉस्पिटलने त्यांना रात्रपाळीला ठेवायची तयारी दाखवली होती. दिवसा शिकायचं, रात्री आयाचं काम करायचं. प्रतीक्षा यादीत बदलापूरला त्या पहिल्या होत्या.

"ताई, एक पोरगी तरी सोडंल ना कं?" महिनाभर त्या दर दोन दिवसांनी फोन करायच्या.

"सोडतात बहुतेक. सरकारी कॉलेजचा निकाल लागला की."

"देव करो नि तिला सरकारी लागो. मी तिच्यासाठी नवस बोलतंय, तिला म्हाईत पन नाय."

एकतीस जुलै शुक्रवारी आला. त्या दिवशी पाच वाजता फॉर्म आपोआप बंद होणार होता. सकाळी साडेअकराला बदलापूर केंद्राची एक मुलगी वडिलांसोबत पेढे घेऊन आली. तिला सरकारी कॉलेज लागलं होतं. मी तिचा प्रवेश रद्द केला, रजिस्टरात लिहिलं, कॉम्प्युटरवर नोंद केली आणि विठाबाईंच्या हॉस्पिटलला फोन लावला. एक वाजता त्या आल्या. आयाची निळी साडी बदलायला वेळ मिळाला नव्हता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखल्यांच्या प्रती, फी, चार फोटो.

फॉर्म उघडला. केंद्र: बदलापूर. खालची यादी उलगडली आणि तिच्यात एकच ओळ होती, 'जागा उपलब्ध नाही'.

मला माहीत होतं असं होणार. म्हणून मी अकरा पस्तीसलाच भोपी सरांकडे गेले होते. तेव्हा ते म्हणाले होते, "बघू दुपारी." दुपारी शंकररावांकडे पाहुणे आले. कल्याणची एक संस्था हीच सिस्टीम विकत घेणार होती. तीन पाहुणे कॉम्प्युटरच्या खोलीत, भोपी सरांच्या मागे, खुर्च्या टाकून बसले. दार उघडं होतं. त्या खोलीत त्या दिवशी कडी लावता येणार नव्हती.

मी दारातून म्हणाले, "सर, एक मिनिट. एकदा बंद करून चालू करा ना. बदलापूरची जागा आहे, उमेदवार थांबल्यात."

त्यांनी मान वळवली नाही. "सिस्टीम चालू आहे. आत्ता हात लावता येत नाही."

"आज शेवटची तारीख आहे सर."

"मग आधी रद्द करायला हवा होता प्रवेश. मुरायला वेळ लागतो, तुम्हाला वर्षभर माहितीय."

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "मुरणं म्हणजे?"

"सिक्युरिटी लेअर," भोपी सर म्हणाले.

अडीच, तीन, साडेतीन. खोलीत पाहुण्यांसाठी बटाटेवडे गेले. विठाबाई बाकावर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तशी त्यांना सवय होती. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "ताई, जागा हाय ना पन? खरंच हाय ना?" मी रजिस्टर उघडून दाखवलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं, रद्द झालेल्या मुलीचं नाव, तारीख, वेळ, माझी सही.

चार वाजता मी शंकररावांना बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. तेही सभ्य गृहस्थ. त्यांनी पाहुण्यांच्या देखत विचारायचं ठरवलं, म्हणजे संस्थेचा पारदर्शकपणा दिसला असता.

"भोपी, ह्या मॅडम म्हणतायत बदलापूरला एक जागा रिकामी आहे. आहे का?"

मी त्यांचा चेहरा बाजूने बघत होते. चारपाच क्षण होते त्यांच्याकडे. 'आहे' म्हटलं असतं तर यादी खोटी ठरली असती, पाहुण्यांसमोर प्रोग्रॅम बंद-चालू करायची काळी खिडकी उघडून दोन कळा दाबाव्या लागल्या असत्या, आणि त्या दोन कळा किती छोट्या आहेत ते चार माणसांनी पाहिलं असतं. त्यांचा हात माउसवर होता. त्यांनी केंद्राच्या यादीवर बदलापूर निवडलं, जणू प्रथमच बघत आहेत, आणि खालची ओळ उलगडून शंकररावांना दाखवली.

"लिस्टमध्ये नाही, साहेब."

"मग नाही," शंकरराव पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "बघा, आमच्याकडे वशिला चालत नाही. मशीन सांगेल तेच."

पाहुण्यांनी माना डोलावल्या.

विठाबाई दारापर्यंत आल्या होत्या. "साहेब, वहीत हाय. मी वाचलं आत्ताच."

भोपी सर पहिल्यांदा वळले. त्यांनी निळी साडी पाहिली. "बाई, वही ही जुनी पद्धत झाली."

"मंग तुमच्या नव्या पद्धतीला विचारा की, वहीत काय लिवलंय."

एक पाहुणा हसला. भोपी सरही हसले, जरा जास्त वेळ. मग ते पडद्याकडे वळले आणि रिपोर्ट कसा निघतो ते दाखवायला लागले.

माझ्याकडे पासवर्ड नव्हता. खोलीत जाऊन मशीनची वायर उपसावी, असं मला वाटलं. मी तसं केलं नाही. मला नोकरी हवी होती. हेही इथे लिहायला हवं, नाहीतर सगळी तुच्छता त्यांच्याच वाट्याला गेल्यासारखी दिसेल.

पावणेपाचला मायाला फोन लावायचं सुचलं. नंबर तिच्या वहिनीच्या फॉर्मवर होता. ती मीटिंगमध्ये होती, बाहेर येऊन बोलली. "अगं, त्याला फक्त बंद करून चालू करायचंय. बस. दस सेकंड. सर आहेत ना तिथे?"

"आहेत."

"मग?"

"आत पाहुणे बसलेत," मी म्हणाले. तिकडे तिलाही कळलं असावं.

पाच वाजता फॉर्म बंद झाला. पाहुणे खूश होऊन गेले. विठाबाईंनी पिशवीतला गठ्ठा पुन्हा नीट लावला, फोटो वेगळ्या पाकिटात घातले. "जाते ताई, सोडलेल्या पाळीच्या बदल्यात आठची पाळी हाय," म्हणाल्या. मूळ दाखले प्रतीक्षा यादीत नाव घालतानाच आमच्याकडे जमा झाले होते, ते नियमाप्रमाणे सोमवारी परत मिळणार होते.

शनिवारी सकाळी सव्वानऊला दार लागलं, दोन मिनिटांनी उघडलं. "लिस्ट आली," ते म्हणाले. मी माझ्या मशीनवर बदलापूर निवडलं. खालच्या यादीत एकच क्रमांक होता, तेवीस. चांगला मुरलेला. निवडून दाबायचं बटण मात्र बंद झालं होतं. ती जागा दीड वर्ष तशीच राहिली. बदलापूरच्या वर्गात बावीस मुली बसल्या, हजेरीपटावर तेविसाव्या ओळीपुढे कुणी काही लिहिलं नाही.

सोमवारी भोपी सरांचा आमच्याकडचा शेवटचा दिवस होता. कल्याणच्या संस्थेने त्यांना दुपटीवर घेतलं होतं. शंकररावांनी नारळ दिला, शाल दिली, दोन शब्द बोलले. मी जेवायला उठले होते आणि त्यांना काही काम उरलं नव्हतं, म्हणून मूळ दाखले परत द्यायला तेच माझ्या टेबलावर बसले. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकलेली.

मी परत आले तेव्हा विठाबाई समोर उभ्या होत्या. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीचं, शाळा सोडल्याचा दाखला, त्यांनी एकेक कागद उजेडाकडे धरून तपासला. भोपी सरांनी रजिस्टर फिरवून बोटाने जागा दाखवली. विठाबाईंनी वाकून सही केली, पूर्ण नाव, जोडाक्षरं सुद्धा सावकाश. मग दाखले पिशवीत घालायला दोन्ही हात हवे होते म्हणून त्यांनी पेन केसांत, अंबाड्याजवळ खोवलं, पिशवीला गाठ मारली आणि तशाच निघाल्या.

भोपी सरांनी रजिस्टर मिटलं. वर बघितलं.

"ओ बाई, पेन संस्थेचं आहे ते."